छोट्या शहराच्या दैनिकाचा इतिहास: मुंबईत बसून काय सापडतं, आणि कोणतं साल धरायचं?

सागरगोटा (धागाकर्ता)

कोकणातल्या एका जिल्ह्याच्या गावातून निघणाऱ्या दैनिकाचा इतिहास तारखांसकट लिहून काढायचा आहे. हाताशी आहे ते असं: सुवर्णमहोत्सवी विशेषांक, साठ-सत्तर सुटे अंक आणि चार बांधीव फायली. सुट्यांपैकी वीसेक अंकांचं वरचं पान फाटलेलं आहे, म्हणजे तारीखच गेली. विशेषांकात स्थापनेचं एक साल दिलंय. नावाखालच्या 'वर्ष अमुक, अंक तमुक'वरून उलटा हिशेब केला तर दुसरं निघतं, आणि गावातली जुनी मंडळी तिसरंच सांगतात. तिन्हींत मिळून चौदा वर्षांचा फरक. मुक्काम मुंबईत, गावी वरचेवर जाणं होणार नाही. कुठून सुरुवात करावी?

काळाघोडा

तिन्ही सालं खरी असू शकतात. छोट्या गावातलं पत्र सहसा दैनिक म्हणून जन्माला येत नाही. आधी साप्ताहिक, मग जमलं तर अर्धसाप्ताहिक, मग दैनिक. पुण्याचा ज्ञानप्रकाश १८४९ साली निघाला, पण दैनिक झाला १९०४ मध्ये. त्याचं वय सांगताना कोणता जन्म धरता यावर पंचावन्न वर्षांचा फरक पडतो! तेव्हा आधी ठरवा: पत्राचा जन्म हवाय, दैनिकाचा, की सध्याच्या मालकीचा?

मुंबईत पहिली फेरी काळ्या घोड्याला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे देशी वृत्तपत्रांवरचे सरकारी साप्ताहिक अहवाल आहेत. मुंबई सरकारने ते १८६८ पासून काढले. मजकूर म्हणजे मराठी-गुजराती पत्रांतल्या उताऱ्यांचा इंग्रजी गोषवारा, पण खरा माल जोडलेल्या यादीत असतो: पत्राचं नाव, गाव, दैनिक की साप्ताहिक, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप. खपाचा आकडा ढोबळ समजा. नाव, गाव आणि आवृत्ती (दैनिक की साप्ताहिक) मात्र कामाची. यादीत अमुक वर्षी नाव आलं आणि तमुक वर्षी गळलं, एवढ्यावरून दोन टोकं मिळतात.

मूळचं साप्ताहिक स्वातंत्र्याआधीचं असेल तर गृह खात्याच्या 'विशेष' शाखेच्या फायलीही मागवा. १९१० च्या आणि १९३१ च्या प्रेस कायद्याखाली जामीन मागितला असेल तर त्याचा कागद तिथे असू शकतो.

अनुस्वार

काळाघोडा यांच्याशी सहमत, पण पुराभिलेखागारात जाण्याआधी घरातल्या घरात होणारं काम सांगतो. 'अंक क्रमांक' बघा. साप्ताहिकाचा क्रमांक वर्षात सहसा ५२-५३ च्या वर जात नाही, अर्धसाप्ताहिकाचा १०४ च्या आसपास थांबतो, दैनिकाचा सुट्ट्या वगळून साडेतीनशेच्या घरात जातो. म्हणजे ज्या 'वर्षा'त पहिल्यांदा अंक ६०, ७०, १५० असा दिसेल, त्याच वर्षी किंवा त्याच्या आधी आवृत्ती बदलली. दैनिक झाल्यावर 'वर्ष' पुन्हा १ पासून सुरू केलं की जुनंच पुढे चालवलं, हेही तिथेच कळेल. तुमच्या तीन सालांपैकी दोघांचं भांडण बहुधा इथेच मिटेल.

आणखी एक. 'अंक १' कोणत्या दिवशी पडतो? पाडव्याला किंवा दसऱ्याला मुहूर्त करून निघालेली पत्रं पुष्कळ. मग काही मालक वर्ष दर पाडव्याला बदलतात, काही इंग्रजी तारखेला, आणि मधेच कोणीतरी १ जानेवारीवर नेतो. असा बदल झाला की एक 'वर्ष' सात-आठ महिन्यांचं निघतं आणि उलटा हिशेब एका वर्षाने चुकतो.

खिळेवाला

शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचता ना? "हे पत्र मालक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले." तीच या कामाचा कणा. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने मुद्रकाचं नाव, छपाईचं आणि प्रकाशनाचं ठिकाण प्रत्येक प्रतीवर बंधनकारक केलं होतं. संपादकाचं नाव खोटंखोटं टाकलं जाई (मालक एक, लिहिणारा दुसरा, तुरुंगात जाणारा तिसरा), पण छापखान्याचं नाव सहसा खोटं नसतं, कारण तिथे पोलीस पोचू शकत.

एक वही करा. रकाने: तारीख, मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, छापखाना, पत्ता, किंमत, पानं. प्रत्येक अंक नाही, प्रत्येक महिन्याचा एक अंक नोंदा. ओळ बदलली की त्या महिन्यात मागे-पुढे शोधून नेमका दिवस पकडा. ओळ सहसा उगाच बदलत नाही. मुद्रक बदलला, जागा बदलली, की मॅजिस्ट्रेटपुढे नवं डिक्लरेशन (मुद्रक-प्रकाशकाचं घोषणापत्र) करावं लागे.

काळाघोडा

आणि ते डिक्लरेशन दोन प्रतींत होई, हे फार लोकांना ठाऊक नाही. एक प्रत मॅजिस्ट्रेटच्या दप्तरात (म्हणजे कलेक्टर कचेरीत) आणि दुसरी उच्च न्यायालयात किंवा त्या जागेच्या मुख्य दिवाणी न्यायालयात, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा न्यायालयात. कलेक्टर कचेरीत कागद नसला की लोक हात टेकतात. दुसरी प्रत विचारतच नाहीत. जुन्या कायद्याच्या सहाव्या कलमात ती बघण्याची फी एक रुपया आणि शिक्क्याच्या नकलेची दोन रुपये लिहिलेली होती.

आता तो कायदा गेला. २०२३ चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि आरएनआयच्या (वृत्तपत्रांची नोंदणी करणारं केंद्राचं कार्यालय) जागी प्रेस रजिस्ट्रार जनरल आले आहेत. पण जुनी दप्तरं जिथली तिथे आहेत. साधा नकलेचा अर्ज करा. नाहीच हललं तर माहिती अधिकार. अर्जात 'सर्व कागदपत्रे' लिहू नका, पत्राचं नाव आणि तीन-चार वर्षांची मुदत लिहा. मोघम मागितलं की उत्तरही मोघम येतं.

दादर_पूर्व

आरएनआयच्या नोंदीतलं साल स्थापनेचं म्हणून वापरू नका, ही चूक सर्रास होते. ते कार्यालयच १ जुलै १९५६ ला सुरू झालं. त्याआधीच्या पत्राची नोंद नंतरचीच असणार. नोंदणी क्रमांकात 'एमएएचएमएआर/साल/…' असं साल असेल तर ते नोंदणीचं, पहिल्या अंकाचं नव्हे.

१९५६ नंतरच्या काळासाठी एक खजिना: दर वर्षीचा मार्चचा पहिला अंक. फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेनंतर निघणाऱ्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४, नियम ८' छापावा लागे. प्रकाशनस्थळ, कालावधी, मुद्रक-प्रकाशक-संपादकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं, सगळं त्यात. बांधीव फायलींत फक्त मार्चचा पहिला आठवडा उघडला तरी मालकीचा वर्षवार तक्ता तयार होतो. विशेषांकात 'संस्थापकांनी एकहाती' वगैरे असतं. फॉर्म ४ मध्ये भागीदार दिसतात.

मुंबईत अंक कुठे, याबद्दल: १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रं आली, त्यामुळे टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे प्रत जायला हवी होती. कायदा होता म्हणून प्रत पोचलीच असं नाही, पण विचारून बघा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) आणि ठाण्याला मराठी ग्रंथ संग्रहालय (१८९३). ठाण्याचं विशेषतः विसरू नका. ते गाव या बाबतीत जुनं आहे, अरुणोदय तिथून १८६६ साली निघाला.

सागरगोटा

भरभरून दिलंत, आभार. वहीचं काम आज रात्रीच सुरू करतो. आता फाटक्या वीस अंकांचं बोला. डोकं नाही, धड आहे. तारीख कशी लावू?

अनुस्वार

हे माझं आवडतं काम. क्रमाने गाळणी लावा.

किंमत आधी. आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४. १ जून १९६४ पासून 'नवे' गेलं आणि नुसते पैसे राहिले. पण डोक्यावरचं पान गेलंय म्हणता, म्हणजे किंमतही गेली असेल. मग आतल्या जाहिरातींतल्या किमती बघा.

पत्ते. सहा आकडी पिनकोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं 'मुंबई ४', 'मुंबई २८' असेल तर बहुतेक आधीचा (बहुतेकच, कारण जुनी जाहिरात तशीच वर्षानुवर्षे चालवतात). 'मुंबई राज्य' म्हटलं असेल तर १ मे १९६० च्या आधी. 'कुलाबा जिल्हा' असेल तर १ जानेवारी १९८१ च्या आधी, त्यानंतर रायगड. सिंधुदुर्ग जिल्हा म्हणून उल्लेख असेल तर १ मे १९८१ नंतर.

बाजारभाव. मण, शेर, तोळा की क्विंटल, किलो, ग्रॅम? दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. सोनं मात्र पुढेही तोळ्यातच बोललं जातं, त्यावर जाऊ नका. भाताचा भाव बघा.

मग शुद्धलेखन. 'नाहीं, कांहीं, तें, गांवांत' असे अनुस्वार असतील तर मजकूर बहुधा १९६२ च्या आधीचा. त्या वर्षी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. पण छोट्या छापखान्यात सवय मोडायला वेळ लागला, आणि नावात तर अनुस्वार पुढेही राहिले. नाशिकचा 'गांवकरी' बघा.

खिळेवाला

इथे एक खड्डा आहे. अनुस्वार नाही म्हणजे नियम पाळला, असं लगेच समजू नका. हाताने जुळवलेल्या देवनागरीत वरचे भाग सगळ्यात आधी मरतात. अनुस्वार, मात्रा, रफार खिळ्याच्या (शिशाच्या सुट्या अक्षराच्या) अंगाबाहेर लोंबतात, शाईच्या रुळाखाली आणि दाबाखाली तुटतात. डिग्री टाइप असेल तर मात्रा वेगळ्या खिळ्यावर, अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र ओळीत बसवलेल्या. खिळ्यांची आवळण सैल राहिली की सरकतात, कधी रूळच उचलून नेतो. म्हणून एका शब्दावर निकाल देऊ नका. अग्रलेखातले वीस 'नाहीं' मोजा. वीसपैकी सोळा-सतरा अनुस्वारासह असतील तर जुनी पद्धत आणि झिजलेले खिळे. वीसही नसतील तर नवी पद्धत. अग्रलेखच घ्या. त्याचं प्रूफ दोनदा वाचलं जाई, कोपऱ्यातल्या बातमीचं एकदाही नाही.

छपाईची जात बोटाने कळते. कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरा. मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव जाणवला तर खिळ्यांची छपाई. गुळगुळीत असेल तर ऑफसेट. चौकटींचे कोपरेही बघा. शिशाच्या किंवा पितळी पट्ट्या कोपऱ्यात जुळवलेल्या असल्या की बारीक फट राहते. चिकटवलेल्या किंवा संगणकावरच्या चौकटीत ती नसते. हा बदल कोणत्या महिन्यात झाला ते वहीत टाका. दैनिकाच्या इतिहासात संपादक बदलण्याइतकीच ती मोठी घटना आहे. ऑफसेट आलं की जुळारी (खिळे जुळवणारे) घरी जातात, आणि फोटो स्वस्त होतात. त्याआधी प्रत्येक फोटोसाठी जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे. गावात ब्लॉक करणारा नसे, म्हणून पुढाऱ्याचा तोच ब्लॉक दहा वर्षं वापरलेला दिसतो. फोटोवरून तारीख लावायला जाल तर फसाल.

पंचांगी

फाटक्या अंकांत 'आजचे पंचांग'ची चौकट शिल्लक असेल तर बाकी काही नको. शके, मास, तिथी, वार एवढं मिळालं की तारीख एकच निघते. शकात ७८ मिळवा. १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. महिना अधिक आहे की निज तेवढं बघा. अधिक श्रावणातली तृतीया आणि निज श्रावणातली तृतीया यांत महिन्याचा फरक. शेवटी वार ताळा म्हणून वापरा.

२२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनांकही आला. 'भारतीय सौर' म्हणून जे दिलं असेल त्यात आणि चांद्र तिथीत गल्लत करू नका. दोन्हींत महिन्यांची नावं बहुतेक तीच आहेत.

वाराचा ताळा छापील इतिहासालाही लावावा. दर्पणचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२, शुक्रवार. केसरीचा ४ जानेवारी १८८१, मंगळवार. हे जुळतात. विशेषांकातल्या तारखांना लावून बघा, किती गळतात.

रद्दीवाला_नव्हे

विशेषांकात खपाचे आकडेही असतील. "त्या काळी पंचवीस हजार प्रती हातोहात जात." तसं काही आहे का?

सागरगोटा

आहे. वीस हजार. साठच्या दशकासाठी.

खिळेवाला

छापखान्यात यंत्र कोणतं होतं ते सांगा, उत्तर मिळेल. ट्रेडल (पायाने चालवायचं छोटं यंत्र) किंवा साधं सिलिंडर तासाला हजारभर ठसे देतं. चार पानी अंक म्हणजे एक ताव, दोन्ही बाजू. म्हणजे हजार प्रतींना दोन हजार ठसे, दोन तास. तीन हजार प्रतींना सहा तास, त्यात फर्मा (जुळवून आवळलेली पानं) चढवणं, दाब सारखा करणं, दुसरी बाजू जुळवणं वेगळं. रात्री अकराला पान सुटलं आणि पहाटे पाचला पहिल्या एसटीत गठ्ठे टाकायचे, तर एका यंत्रावर तीन हजारांच्या पुढे जाणं अवघड. वीस हजारांना चाळीस तास लागतील! दोन यंत्रं असतील तर दुप्पट धरा. रोटरी (गोल फिरणारं वेगवान यंत्र) असेल तर माझा हिशेब मागे. पण साठच्या दशकात जिल्ह्याच्या गावी रोटरी असेल तर त्याचा फोटो विशेषांकात पहिल्या पानावर असायला हवा.

रद्दीवाला_नव्हे

मी कागदाच्या बाजूने ताळा करतो. मोठ्या आकाराचा ताव, चार पानांचा, साधारण ५८ बाय ७६ सेंमी. क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर. न्यूजप्रिंट ४८.८ ग्रॅमचा धरला तर एका तावाचं वजन साडेएकवीस ग्रॅम. आठ पानी अंक ४३ ग्रॅम. एका टनात तेवीस हजारांच्या आसपास प्रती, नासाडी तीन-चार टक्के धरली तर साडेबावीस हजार. चार पानी असेल तर दुप्पट. वीस हजार खप, चार पानं, महिन्याला तीस अंक: तेरा टनांहून थोडा जास्त कागद, नासाडीसकट. हिशेबाची एखादी जुनी वही किंवा कागदाची बिलं मिळाली तर आकडा कुठे बसतो ते कळेल.

आणि हे विसरू नका की न्यूजप्रिंटची आयात सरकारी ताब्यात असताना कोटा खपावर ठरे. म्हणजे आकडा फुगवण्यात फायदा होता. छापल्या किती, विकल्या किती आणि परत किती आल्या हे तीन वेगळे आकडे. छापील दाव्यात नेहमी पहिलाच असतो, तोही चढवून.

१९६०-६१ च्या अंकांत पानं आणि किंमत अचानक हलली असतील तर त्यालाही कारण आहे. १९५६ च्या 'किंमत आणि पाने' कायद्याखाली १९६० मध्ये सरकारने आदेश काढला: अमुक किमतीला तमुक पानंच. छोट्या पत्रांना मोठ्यांपासून वाचवायचं म्हणून. पुण्याच्या सकाळने त्याला आव्हान दिलं आणि २५ सप्टेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

दादर_पूर्व

पहिल्या पानावर दिल्लीच्या बातम्या बघून 'गावात टेलिप्रिंटर (वृत्तसंस्थेच्या बातम्या तारेवरून छापून देणारं यंत्र) होता' असं लिहू नका. आकाशवाणीवर सावकाश गतीच्या बातम्या लागत, लिहून घेता याव्यात म्हणूनच. छोट्या पत्रांचं देशाचं पान त्यावर भरत असे. मजकुरात वृत्तसंस्थेचं नाव असेल तरच वृत्तसंस्था धरा.

काळाघोडा

जाहीर नोटिसांची पानं टाकून देऊ नका. भूसंपादनाची अधिसूचना स्थानिक दैनिकांत, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं, छापायची अट १९८४ च्या दुरुस्तीने आली. छोट्या दैनिकाचा पगार कुठून निघतो ते त्या पानांवर दिसतं. स्तंभ-सेंटीमीटर मोजा, महिन्याचा एक आठवडा पुरे.

सागरगोटा

स्कॅनिंगचं? फायली खूप जाड आहेत, कडा चुरचुरतात.

अनुस्वार

पुठ्ठ्याची शिवण कापू नका आणि सपाट काचेच्या स्कॅनरवर दाबू नका. कणा तिथेच मोडतो. वरून कॅमेरा, खाली दोन उतरते आधार, फाईल १०० अंशांपर्यंतच उघडायची. ३०० डीपीआय, करड्या छटा. बारीक जाहिराती हव्या असतील तर ४००. ए-२ आकाराचं एक पान ३०० ला साधारण ३५ एमबी होतं, आठ पानी दैनिकाचं वर्ष २८०० पानं, म्हणजे सुमारे १०० जीबी. डिस्क दोन घ्या आणि वेगवेगळ्या घरांत ठेवा. फाईलचं नाव सालमहिनादिवस_पान, म्हणजे १९५८०७१४_०३ असं. मराठी नावं देऊ नका, क्रम विस्कटतो.

सेलोटेप अजिबात नाही, प्लास्टिकचं लॅमिनेशनही नाही. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. हे काम मुंबईच्या पावसाळ्यात काढू नका. खळ वाळत नाही आणि बुरशी धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

नव्वदीनंतरच्या संगणकी फायली मिळाल्या तर त्या श्रीलिपी, आकृती असल्या जुन्या फॉन्टांत असतील. उघडल्यावर रोमन अक्षरांचा खिचडा दिसेल, घाबरू नका. फॉन्टचं नेमकं नाव कळल्याशिवाय युनिकोडमध्ये रूपांतर करू नका. पहिली वेलांटी आणि रफार या दोन जागा हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टात ते दिसतात त्या क्रमाने टंकलेले असतात, उच्चाराच्या क्रमाने नाही. पन्नास शब्द हाताने तपासा: 'र्म', 'र्थ', 'ष्टि', 'स्थिती'.

सागरगोटा

शेवटचं एक. तिसऱ्या फाईलमध्ये ऑगस्टनंतर एकदम डिसेंबर येतो. विशेषांकात त्या महिन्यांबद्दल एक शब्द नाही. अंक हरवले म्हणायचे का?

काळाघोडा

ऑगस्टच्या शेवटच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या अंकाचे क्रमांक टाका. आणि दोन्हींची तळाची ओळ.

सागरगोटा

२१४ आणि २१५. ओळीत मालक तोच, छापखाना वेगळा.

काळाघोडा

मग हरवलेले नाहीत, निघालेच नाहीत. हरवले असते तर मधे शंभराच्या आसपास क्रमांक गेले असते. तीन महिन्यांत ठरल्याच्या निम्म्याहून कमी अंक निघाले तर दैनिकाचं डिक्लरेशन आपोआप रद्द होई, आणि इथे तर छापखानाही बदललाय, म्हणजे नवं केलेलंच असणार. जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करताना मुदत त्या ऑगस्ट ते डिसेंबरची लिहा. आणि त्याच मुदतीतलं जुन्या मुद्रकाचं 'मी आता मुद्रक राहिलेलो नाही' हे निवेदनही मागा. ते वेगळ्या गठ्ठ्यात असतं.